थपडेच्या गोष्टीपलीकडच्या ललिताबाई

आमच्या मनमाडच्या चाळीत ललिता पवार राहत होत्या. म्हणजे आम्ही मुलं तसं म्हणत असू. प्रत्यक्षात ती माझी सख्खी आत्या होती. तिला सगळे माई म्हणत. लग्नानंतर चार वर्षांत कुंकू पुसलं गेलं आणि ती माहेरी परत आली. त्यानंतर कधीतरी तिच्या तोंडावरून वारं गेलं. हातपाय धड राहिले, पण चेहऱ्याची डावी बाजू ओघळली, डोळा बारीक झाला. बोलताना ओठ एकीकडे ओढला जाई. आवाज मुळातच खणखणीत. नळावर बादलीवरून वाजलं आणि माई कमरेला पदर खोचून उभी राहिली, की कोणीतरी हळूच म्हणे, 'आली बघा ललिता पवार!' चाळीतल्या मुलांबरोबर मीही म्हणत असे. आज हे सांगायला बरं वाटत नाही. पण मला ललिताबाईंविषयी जे बोलायचं आहे, त्याची सुरुवात तिथूनच होते.

नटीचं नाव शिवी म्हणून वापरलं जावं, असं आपल्याकडे फारसं घडलेलं नाही. एखाद्या देखण्या मुलीला मधुबाला म्हणत, ते कौतुकाने. पण 'ललिता पवार' हे विशेषण होतं. खाष्ट सासू, कजाग शेजारीण, कडक मुख्याध्यापिका, कोणालाही ते चिकटवता येई. ज्या बाईचं हे नाव, ती बाई कोण होती, हे मात्र चिकटवणाऱ्यांना ठाऊक नसे. माईला ठाऊक होतं. 'आपल्या येवल्याची आहे ती,' असं ती ठसक्यात सांगे. मनमाडहून दौंडच्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात येवलं येतं, त्यामुळे हा अभिमान अगदीच परका नव्हता.

तर ललिताबाई येवल्याच्या. जन्म १८ एप्रिल १९१६ चा. मूळ नाव अंबा, आडनाव सगुण. येवलं म्हणजे पैठणीचं गाव, आणि वडील लक्ष्मणराव रेशमी-सुती कापडाचे व्यापारी. म्हणजे घर खाऊनपिऊन सुखी होतं. पोट भरण्यासाठी मुलीला सिनेमात घालावं लागलं, अशातली गोष्ट नव्हे. पुण्यात नानासाहेब सरपोतदारांची आर्यन फिल्म कंपनी मूकपट काढत असे. तिथे ही मुलगी बालनटी म्हणून पडद्यावर आली. तेव्हा चांगल्या घरच्या मुलींनी सिनेमात जायचं नाही असा दंडक होता. फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटात तारामतीचं काम एका पुरुषाला करावं लागलं होतं, त्याला जेमतेम पंधरा वर्षं झाली होती.

पुढे गणपतराव पवार या दिग्दर्शकाशी लग्न होऊन अंबाची ललिता पवार झाली. मूकपटांतली ही ललिता आपल्या डोळ्यांसमोर आणणं कठीण जातं. ती नायिका होती, तीही मारधाडीच्या स्टंटपटांची, पौराणिक चित्रपटांची. पोहण्याच्या पोशाखातलं तिचं त्या काळातलं एक छायाचित्र आहे. अलीकडे ते पुष्कळ फिरतं आणि पाहणारा हटकून विचारतो, 'ही ललिता पवार?' हीच. १९३२ मध्ये तिने 'कैलास' या मूकपटाची सहनिर्मिती केली. बोलपट आल्यावर 'दुनिया क्या है' काढला. तो टॉलस्टॉयच्या 'रिझरेक्शन' कादंबरीवर बेतलेला. मालकिणींच्या भाच्याने फसवलेली, समाजाने वाऱ्यावर सोडलेली आणि शेवटी कोर्टात उभी केलेली एक मोलकरीण, अशी त्या कादंबरीची नायिका. विशी-बाविशीतल्या मराठी मुलीने पदरचे पैसे घालून ही गोष्ट निवडावी, याकडे मला वाटतं आपण पुरेसं लक्षच दिलेलं नाही. आपल्याला तिची एकच गोष्ट सांगायची सवय झाली आहे.

ती गोष्ट तुम्ही ऐकलेली असणार. १९४२ साल. 'जंग-ए-आझादी' नावाच्या चित्रपटाचं चित्रीकरण. प्रसंगात एका तरुण नटाने ललिताबाईंना थोबाडीत मारायची आहे. तो नट म्हणजे भगवान, पुढे 'अलबेला'मुळे देशभर गाजलेले आपले भगवानदादा. हात जरा जोरात बसला. डाव्या डोळ्यापाशी शीर फुटली, चेहऱ्याला लकवा झाला, बरीच वर्षं उपचार चालले. चेहरा पुष्कळसा पूर्ववत झाला, पण डावा डोळा कायमचा बारीक राहिला. नायिका संपली आणि खाष्ट सासू जन्माला आली. कोणत्याही लेखात, कोणत्याही कार्यक्रमात हीच गोष्ट येते, आणि ती इतकी नेटकी आहे की तिच्यापुढे काही विचारावंसं वाटत नाही.

दुखापत खरी होती, वेदना खऱ्या होत्या, त्याबद्दल वाद नाही. माझा आक्षेप आहे तो 'थप्पड बसली म्हणून सासू झाली' या हिशेबाला. कारण तो हिशेब बाकीच्यांना लावून बघितला की जुळत नाही. लीला चिटणीस घ्या. १९३९ च्या 'कंगन'मध्ये अशोककुमारची नायिका. लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली आपल्याकडची पहिली तारका. १९४८ च्या 'शहीद'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई झाल्या, १९५१ च्या 'आवारा'त राज कपूरच्या. दुर्गाबाई खोटे, १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मधली तारामती, 'मुघल-ए-आझम'मध्ये सलीमच्या आई, जोधाबाई. या दोघींना कोणी मारलं नव्हतं. तेव्हाच्या हिंदी सिनेमात पस्तिशी गाठलेल्या बाईला एकच दार उघडं असे, आणि त्या दारावर 'आई' अशी पाटी असे. अशोककुमार मात्र 'कंगन'नंतर वीस वर्षं नायक राहिले. थप्पड बसली नसती तरी ललिताबाई १९५० च्या सुमारास नायिका राहिल्या नसत्याच. फार तर त्या आणखी एक सोशिक आई झाल्या असत्या.

दुसरं असं, की या गोष्टीतली वर्षं जरा ताणूनच बसवलेली आहेत. १९४२ ची थप्पड आणि नंतर तीन वर्षं उपचार, असं सांगतात. पण प्रभातचा 'रामशास्त्री' आला १९४४ मध्ये, आणि त्यात आनंदीबाईचं काम ललिताबाईंनी केलं आहे! म्हणजे बाई काही पडद्याआड जाऊन बसली नव्हती. चेहरा सावरत असतानाच, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तिने मराठी माणसाच्या सर्वांत नावडत्या स्त्रीची भूमिका केली.

आनंदीबाई म्हटलं की आपल्याला 'ध चा मा' आठवतो. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' असा मजकूर होता, आनंदीबाईने त्याचा 'मारावे' केला, आणि ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात गारद्यांनी खून पाडला, ही आपण लहानपणापासून ऐकलेली कथा. असा फिरवलेला कागद इतिहासकारांच्या हाती लागलेला नाही. पण कथा इतकी पक्की बसली की 'ध चा मा करणं' हा वाक्प्रचारच झाला. एका बाईच्या नावाची शिवी होते म्हणजे काय, याचं हे आपल्याकडचं जुनं उदाहरण. गजानन जागीरदारांचा रामशास्त्री तेजस्वी होताच, पण न्यायाधीशाचं तेज दिसायला समोर गुन्ह्याचं वजनही लागतं. ते वजन ललिताबाईंनी दिलं. 'रामशास्त्री' पाहून आलेल्या माझ्या वडिलांच्या पिढीला आनंदीबाई म्हटलं की तोच चेहरा आठवे. खरी आनंदीबाई कशी दिसत होती याची कोणाला गरजच उरली नाही.

सहा वर्षांनी, १९५० मध्ये, व्ही. शांताराम यांचा 'दहेज' आला. हुंडाबंदीचा कायदा झाला १९६१ मध्ये, म्हणजे हा चित्रपट त्याच्या अकरा वर्षं आधीचा. जयश्रीबाईंची सून, पृथ्वीराज कपूर तिचे वडील आणि ललिताबाई सासू. हुंड्यापायी सून मरते तेव्हा प्रेक्षकाचा सगळा संताप एकाच चेहऱ्यावर जाऊन आदळतो. एका अर्थी हे अन्यायाचंच आहे. हुंड्याच्या रकमा ठरवायचे पुरुष, बैठकीत बसायचे पुरुष, पण पडद्यावर गुन्हेगार दिसायची सासू. आपल्या सिनेमाने वर्षानुवर्षं ही सोय करून घेतली. पण भूमिका तशी लिहून आली की नटीच्या हातात काय उरतं? उरतं ते एवढंच, की ती कशी करायची.

आणि तिथे ललिताबाईंचं काम बारकाईनं पाहण्यासारखं आहे. त्या आरडाओरडा फार करत नाहीत. आठवून बघा. हनुवटी किंचित वर, मान तिरकी, आणि वाक्याचा शेवट सावकाश, जिभेवर घोळवून. बारीक झालेला डोळा त्या लपवत नाहीत. दुसरी एखादी नटी कॅमेऱ्याला उजवी बाजू देत राहिली असती. ललिताबाई त्या डोळ्यालाच कामाला लावतात. सुनेला काही विचारायचं झालं की आधी तो डोळा आणखी बारीक होतो, मग प्रश्न येतो. तोवर सून अर्धी मेलेली असते. क्लोजअपमध्ये अशा चेहऱ्याची एक बाजू काही सांगते आणि दुसरी बाजू निराळंच. ही त्यांची कमाई होती, थपडेची नव्हे. थपडेनं डोळा बारीक होतो, अभिनय येत नाही.

त्याच चेहऱ्यानं त्यांनी काय काय केलं, हे पाहिलं की माझं म्हणणं पटेल. १९५२ च्या 'दाग'मध्ये त्या दिलीपकुमारच्या आई आहेत. दारूत बुडालेल्या मुलाची आई. ललिताबाई दिलीपकुमारपेक्षा फक्त सहा वर्षांनी मोठ्या होत्या. १९५५ च्या 'श्री ४२०'मध्ये मुंबईच्या फुटपाथवर केळी विकणारी गंगामाई. नव्याने शहरात आलेला राज कपूर तिच्याशी केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालतो. ती त्याला फाडकन बोलते, आणि बघता बघता त्याची आई होऊन बसते. तोंड फटकळ, हात देता. ही बाई मुंबईच्या कुठल्याही भाजीबाजारात भेटावी इतकी खरी आहे, आणि मला वाटतं, ती साकारताना त्यांना हिंदी सिनेमाकडून काही उसनं घ्यावं लागलेलं नाही.

मग १९५९ साल. त्या एका वर्षात त्यांचे दोन चित्रपट आले, ते शेजारी शेजारी ठेवून बघावेत. बिमल रॉय यांच्या 'सुजाता'त त्या गिरिबाला, सोवळ्याओवळ्याची घट्ट आत्या. अस्पृश्य म्हणून जन्मलेली सुजाता या घरात वाढते आहे हे तिला सहन होत नाही. विशेष म्हणजे सुनील दत्त इथे तिचा नातू आहे. ललिताबाईंचं वय तेव्हा त्रेचाळीस! गिरिबाला दुष्ट नाही. आपण धर्माने वागतो आहोत अशी तिची प्रामाणिक खात्री आहे, आणि म्हणूनच ती जास्त भीतिदायक वाटते.

दुसरा हृषीकेश मुखर्जींचा 'अनाडी'. त्यात त्या मिसेस डिसा. फ्रॉक घातलेली, मोडक्यातोडक्या बंबय्या हिंदीत डाफरणारी ख्रिस्ती घरमालकीण. भाडं थकवणाऱ्या राजला ती सकाळ-संध्याकाळ फैलावर घेते आणि तो उपाशी असेल या काळजीने तिला चैनही पडत नाही. पुढे राज ज्या औषध कंपनीत नोकरीला लागतो, तिथलंच दूषित औषध घेऊन ती मरते, आणि तिच्या खुनाचा आरोप राजवर येतो. चित्रपटाचा नायक राज कपूर, नायिका नूतन, पण चित्रपटाला जे काही सांगायचं आहे ते मिसेस डिसाच्या मरणातून सांगितलं जातं. या भूमिकेसाठी त्यांना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. १९६१ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही मिळाला. त्याच वर्षी हृषीदांनी त्यांना 'मेमदीदी'त चक्क शीर्षक भूमिका दिली. सहायक नटीच्या नावाने चित्रपट ओळखला जावा, हे तेव्हाही विरळ होतं आणि आजही.

आमच्याकडे रेल्वेच्या वसाहतीत मैदानावर पडदा लावून सिनेमे दाखवत. 'अनाडी' तिथे कधी आला ते साल आठवत नाही, मी नऊ-दहा वर्षांचा असेन. माईने सतरंजी आधीच नेऊन टाकली होती. खरं तर माई सिनेमाला येत नसे. लोक आधी पडद्याकडे आणि मग आपल्याकडे बघतात, असं तिला वाटे. तसं ती कधी बोलली नाही, पण आता मला कळतं. त्या रात्री मिसेस डिसा मेली आणि आमच्या मागच्या रांगेतल्या बायका हुंदके देऊन रडायला लागल्या. त्यात नळावर माईशी भांडणाऱ्या दोघी होत्या. माई रडली नाही. घरी येताना मला म्हणाली, 'बघितलंस? रडल्या सगळ्या.' यापलीकडे काही बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून ते नाव घ्यायचं सोडलं. इतर मुलांनी सोडलं नाही.

'प्रोफेसर' हा १९६२ चा चित्रपट ललिताबाईंच्या यादीत सहसा कोणी घेत नाही, कारण तो शम्मी कपूरचा धमाल चित्रपट. मला तो फार महत्त्वाचा वाटतो. दार्जिलिंगमध्ये भाच्यांना करड्या शिस्तीत वाढवणारी सीतादेवी. मुलींना शिकवायला म्हातारा मास्तरच हवा म्हणून अडून बसते, आणि म्हाताऱ्याचं सोंग घेऊन आलेल्या शम्मीच्या स्वतःच प्रेमात पडते. एक वर्ष आधी 'जंगली'त त्या शम्मीच्याच आई होत्या, घरात हसायला बंदी करणाऱ्या. इथे तीच बाई लाजते, नटते, आरशात बघते. थिएटर हसून लोळायचं. पण ललिताबाई सीतादेवीला हास्यास्पद होऊ देत नाहीत. आयुष्यभर कडक राहिलेल्या बाईच्या मनात अजून काही शिल्लक आहे, हे त्या विनोदाच्या आडून दाखवतात. सोंग उघडं पडतं तेव्हा हसणाऱ्यांना जरा चोरट्यासारखं होतं. निदान मला झालं.

पुढची यादी लांबलचक आहे. 'आनंद'मधली रुग्णालयाची मेट्रन बहुतेकांना आठवत असेल. वरून करडी, आणि राजेश खन्नाच्या आनंदपुढे विरघळणारी. साचेबंद सासवाही पुष्कळ केल्या. १९८० च्या 'सौ दिन सास के'पर्यंत त्या सुनांना छळतच होत्या. त्यातल्या कित्येक भूमिकांत नवीन काही नाही. पोटासाठी, कामाच्या सवयीने माणूस जे करतो ते त्यांनीही केलं. सातशेच्या घरातला चित्रपटांचा आकडा सांगितला जातो. कोणी मोजून काढला आहे, देव जाणे. पण मूकपटापासून दूरदर्शनच्या मालिकेपर्यंत जी बाई काम करत राहिली, तिच्या बाबतीत आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी काय फरक पडतो?

आणि ती मालिका म्हणजे अर्थात 'रामायण'. रामानंद सागर यांचं 'रामायण' २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी लागू लागलं. मंथरेच्या कामासाठी दुसरं कोणाचं नाव सुचणं शक्य नव्हतं. सत्तरी ओलांडलेल्या ललिताबाई, पाठीला कुबड, हातात काठी. २०२० च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखवली गेली, तेव्हा माझ्या नातीने तिला पाहिलं आणि विचारलं, 'आजोबा, ही खरंच अशी होती का?' मी तिला दुसऱ्या दिवशी 'अनाडी' लावून दिला.

२४ फेब्रुवारी १९९८ रोजी ललिताबाई पुण्यात, औंधच्या घरी वारल्या. त्या वेळी घरात दुसरं कोणी नव्हतं. बातमी वाचली तेव्हा माईही हयात नव्हती. मला मात्र आठवला तो १९८७ चा एक रविवार.

तोवर आम्ही नाशिकला आलो होतो. टीव्ही आमच्याकडेच होता, त्यामुळे सकाळी सगळा जिना लोटायचा. टीव्हीला हार घालायचा, उदबत्ती लावायची. माई भिंतीला टेकून बसलेली, पदर नेहमीसारखा डाव्या गालावरून ओढलेला. मंथरा कैकेयीच्या महालात शिरली आणि बायकांनी तिच्या नावाने बोटं मोडायला सुरुवात केली. एक म्हणाली, 'मेलीचा डोळाच बघा ना कसा आहे तो!' मग तिला एकदम काहीतरी आठवलं आणि ती गप्प झाली. खोलीत कोणीच काही बोलेना.

माईने मला जवळ बोलावलं.

'तिचा कुठला रे डोळा?'

'डावा.'

'माझाही डावाच,' माई म्हणाली. मग पडद्याकडे बघत म्हणाली, 'आवाज वाढव जरा. या बायकांच्या गोंगाटात तिचं बोलणं निसटलं.'